मन्मथअप्पांचे पास-नापास टॉवेल

आमच्या शेजारच्या मन्मथअप्पांकडे गाडी पुसायचे सतरा टॉवेल आहेत आणि गाडी एकही नाही. गाडी माझ्याकडे आहे. पुसायला माझ्याकडे फक्त एक जुना बनियन होता, आणि त्यावरूनच आमची ओळख वाढली.

मी लातुरात एका शिकवणीत केमिस्ट्री शिकवतो. पाण्यातल्या क्षारांवर तासभर बोलू शकतो. तरी गाडी घेताना काळी घेतली, आणि पहिल्याच रविवारी बोअरच्या दोन बादल्या पाण्यानं धुऊन कौतुकानं उन्हात उभी केली. थोड्या वेळानं तिच्यावर असे पांढरे ठिपके उठले, की बायकोनं विचारलं, हिला कांजिण्या आल्यात का. मी बनियन घेऊन घासायला लागलो, तेवढ्यात कंपाउंडवरून आवाज आला.

"सर, पुसायचं न्हाई. टिपायचं."

अप्पांचं गंजगोलाईत कापडाचं दुकान होतं. आता ते पुतण्या बघतो आणि अप्पा घरी असतात. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात बंडी. घरात ते आणि लकवा झाल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या काकू, दोघंच. त्या दिवशी त्यांनी माझा बनियन दोन बोटांत धरून उन्हाकडे केला, शिलाईवर नख फिरवलं आणि तो कुंडीवर ठेवून दिला. इतका अपमान माझा नोकरीच्या मुलाखतीतही झाला नव्हता.

पुढच्या रविवारी ते स्वतःच टॉवेल घेऊन आले आणि मग येतच राहिले. टॉवेल तीनदा धुतलेला असे, त्यावरचं लेबल ब्लेडनं उसवलेलं असे. नवा टॉवेल नव्या जावयासारखा कडक असतो, ते सांगत, तीन धुण्यांनंतर माणसात येतो. आधी तो गालाला लावून बघत. मग ओल्या बॉनेटवर अंथरून वरून तळव्यानं नुसतं थोपटत आणि अलगद उचलत. आरशाच्या खाचेत, हँडलच्या मागं कोपरा दुमडून पाणी टिपून घेत. एवढं झालं की चष्मा कपाळावर चढवून बॉनेटवर वाकत आणि तिरप्या उन्हात बघत राहत. केसाएवढा ओरखडा दिसला तरी टॉवेल नापास. तो फरशी पुसायला जाई. तीन रविवार ओरखडा उठला नाही तर पास, आणि पास झालेला टॉवेल माझ्या गाडीला पुन्हा कधी लागत नसे. त्याच्या जागी नवा येई. मला वाटायचं, तीन वेळा वापरलेला टॉवेल माझ्या गाडीच्या इभ्रतीला शोभत नाही असं अप्पांचं मत असावं. हे मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगून झालं होतं.

"रंग लई चांगला घेतला सर," ते म्हणत. "काळ्यावर खोटं लपत न्हाई."

आमच्या गल्लीत त्या रंगाला चांगलं म्हणणारे ते एकटेच. धुळीच्या गावात काळी गाडी घेणाऱ्याला लोक काय म्हणतात ते इथं लिहीत नाही. त्यामुळे मी फुगायचो.

अशी दोन वर्षं गेली आणि मला दुर्बुद्धी सुचली. म्हाताऱ्या माणसाला दर रविवारी वाकायला लावणं बरं नाही, असं मी बायकोला सांगितलं. खरं म्हणजे मोबाइलवर गाडी वाळवायचा ब्लोअर दिसला होता आणि हात शिवशिवत होते. रविवारी तो सुरू केला. गाडी थोडी वाळली. अंगणातली धूळ मात्र सगळी उठली आणि ओल्या गाडीवर जाऊन बसली. मी खोकत मागं वळलो, तर अप्पा हातावर नव्या टॉवेलची घडी घेऊन फाटकात उभे.

"म्हणजे आता टॉवेल लागणार न्हाई?"

मी मोठ्या मनानं सांगितलं, की अप्पा, तुमचा त्रास वाचला. त्यांनी टॉवेलची घडी उगाच मोडली, पुन्हा घातली आणि ते गेले.

पुढचे दोन रविवार ते आले नाहीत. त्यांची समजूत काढायला गेलो असं लिहिलं तर माझी अब्रू वाचेल. पण मी गेलो तो टॉवेल मागायला. आरशाच्या खाचेतलं पाणी त्या यंत्राला काही निघत नव्हतं आणि कांजिण्या परत आल्या होत्या.

"या सर," अप्पा आतूनच म्हणाले. काकूंची नुकतीच अंघोळ झाली होती. त्या उशीला टेकून बसल्या होत्या आणि अप्पा खाली बसून त्यांचं पाऊल मांडीवर घेऊन टिपत होते. टॉवेल ठेवायचा, थोपटायचा, अलगद उचलायचा. बोटांच्या बेचक्यांत कोपरा दुमडून. ते हात मी दोन वर्षं दर रविवारी बघितले होते. मागं फळीवर टॉवेलांची चळत होती. पिस्ता रंगाचा, निळ्या काठाचा, फिका गुलाबी; एकेक मला ओळखू आला. सगळे पास झालेले. सतरा.

मी फळीकडे बघतोय हे अप्पांना दिसलं आणि ते ओशाळले.

"तुम्ही गाडी घेतली, त्याच उन्हाळ्यात हिची पाठ सोलून निघाली," ते म्हणाले. "मीच निवडलेल्या टॉवेलनं. चाळीस वर्षं कापड विकलं सर, अन् घरातच बोटं चुकली. पडून पडून कातडी कागदावानी झाली. ही बोलत न्हाई. दुखलं तरी सांगत न्हाई. तुमची गाडी सांगती."

मग खालमानेनं म्हणाले, "तुमाला विचारायला पाहिजे होतं. पण तुमच्या गाडीवर ओरखडा उठतो का बघू द्या, असं कसं विचारू?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. काकूंना मी दोनदा भेटून गेलो होतो. दोन्ही वेळा दारातून निघताना म्हणालो होतो, काही लागलं तर सांगा. मला माझी फार लाज वाटली.

पुढच्या रविवारी ब्लोअर माळ्यावर टाकला, गाडी धुतली आणि कंपाउंडवरून हाक मारली, अप्पा, नवीन काही आहे का. ते लगबगीनं आले. ब्लोअरच्या दिवशी परत नेलेला तोच टॉवेल होता. त्यांनी टिपलं, चष्मा कपाळावर चढवला. बॉनेटच्या डाव्या बाजूला बोटभर बारीक रेघ उठली होती. विणीत कुठंतरी एक कडक धागा राहिला असावा.

"नापास," अप्पा हळूच म्हणाले. माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.

गॅरेजवाला म्हणतो, पॉलिश केलं की रेघ जाईल. मी करू देत नाही. ती काकूंच्या पाठीवर उठली असती.