बिनआवतणाची जनाआत्या

पालेगावातल्या आमच्या नव्या फ्लॅटमधली ती पहिलीच सकाळ. मी आंघोळ करून बाहेर आलो, तर स्वयंपाकघरात एक अनोळखी बाई उभी. गुडघ्यापर्यंत कसलेलं हिरवं लुगडं, एका हातात आमच्या कढईचं झाकण, दुसऱ्या हातात चमचा. माझी बायको विद्या फ्रिजला पाठ टेकून अशी उभी होती, जणू घरात नाग निघाला असावा.

"वाटान्यात खोबरा कमी परलाय," बाई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तू काय बघतंस? कपरे घाल जा."

मी गेलो आणि कपडे घातले. दुसरं काही सुचलंच नाही.

हीच जनाआत्या. आमची इमारत उभी आहे ती तिच्या वालाच्या शेतात. बिल्डरने जमिनीच्या बदल्यात तिला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट दिला, पण शेत विकलं गेलंय ही गोष्ट तिने कधी मनावर घेतली नाही. तिच्या लेखी आम्ही सगळे तिच्या बांधावर मुक्कामाला आलेले पाहुणे. पहिल्याच भेटीत तिने आमच्या बेडरूममध्ये नजर टाकली आणि सांगितलं, "तुजा पलंग हाय ना, तिथं माजी विहीर व्हती." पुढे कितीतरी दिवस मी झोपण्याआधी पलंगाखाली वाकून बघत होतो.

बेल वाजवणं तिला माहीत नव्हतं. दूध घ्यायला दार उघडलं, की दुधाच्या पिशवीबरोबर जनाआत्या आत. सोसायटीचे सेक्रेटरी देशमुख फार शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी एकदा तिला समजावलं, की लोकांच्या घरी जाताना आधी विचारावं. ती गंभीरपणे ऐकून घेऊन म्हणाली, "आवतन परक्याला लागता, देशमुखा." आणि आत जाऊन त्यांच्या आमटीचं झाकण उघडलं.

पण तिच्या गळ्यात काही वेगळंच होतं. ती धवलारीण. आमच्या भागातल्या आगरी घरांत लग्न लागतं ते हिच्यासारख्या बायकांच्या गाण्यावर. हळद कुटण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचा धवला वेगळा, आणि सगळे हिला तोंडपाठ. तिचा आवाज गोड नव्हता. उन्हात वाळलेल्या पेंढ्यासारखा करकरीत होता. पण ती गायला लागली, की मांडवातली पोरं मोबाइल खिशात घालायची. लग्न कुणाचंही असो, अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत, ही हजर. बोलावणं आलं का, असं विचारलं तर म्हणायची, "लगीन मना आयकू येता."

मग ती साथ आली आणि एका रात्रीत सगळी दारं बंद झाली.

आम्ही घाबरलो होतोच, पण जनाआत्या चक्रावली. सकाळी दुधाच्या वेळेला जिन्यात आली आणि बघते तर प्रत्येक दाराला पिशवी टांगलेली, माणूस कुठेच नाही. "मेली का काय सगली?" ती जिन्यातून ओरडली. मी मास्क लावून दार बोटभर उघडलं. माझ्याकडे बघून तिला खरंच धक्का बसला.

"अरे साहेबा, ही मुसकी कशाला बांधलीस? मलनीच्या टायमाला बैलाला बांधतात, त्यानं धान खाव नाय म्हनून. तू काय खाल्लास?"

मी दाराच्या फटीतून तिला विषाणू समजावला. शिंक, थेंब, अंतर, सगळं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. "म्हंजे लांबून चालता," एवढंच बोलली आणि खाली गेली.

दोन-चार दिवसांनी दाराची बेल वाजली. जनाआत्याच्या इतिहासात बेल वाजत नसल्यामुळे आम्हाला तिची शंकाही आली नाही. मी भिंगातून बघितलं, तर समोर माणूस नाही, हवेत तरंगणारी एक जाळी! मी किंचाळलो. विद्या किंचाळली. दार उघडलं, तेव्हा कळलं. आंबे उतरवायचा झेला होता. लांबलचक बांबू, टोकाला जाळीची पिशवी. बांबूचं दुसरं टोक धरून जनाआत्या खाली जिन्याच्या वळणावर उभी होती. बेलही तिने बांबूनेच दाबली होती. जाळीत केळीच्या पानात गुंडाळलेल्या तांदळाच्या भाकऱ्या.

"लांबून हाय ना?" ती म्हणाली. "मंग घे."

चौथ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांच्या घरी सगळे पॉझिटिव्ह निघाले, तेव्हा त्यांच्या दाराला पट्ट्या लागल्या आणि शेजाऱ्यांनी खिडक्यासुद्धा लावून घेतल्या. मीही लावली. झेला मात्र रोज चौथ्या मजल्यावर जात होता. देशमुखांनी खालून हाक मारून तिला नियम सांगितला. तिने झेल्याचं टोक वळवून त्यांच्यासमोर धरलं. "यात तुजा नियम टाक. त्यांना देतंय. भाकरीसंगं खातील." पुढे कुलकर्णी बरे झाले, पण झेला दिसला की त्यांच्या म्हाताऱ्या आईचे हात आपोआप जोडले जायचे.

अशात आमच्या मुलीचं, गौरीचं लग्न आलं. हे लग्न दोनदा पुढे ढकललेलं. नवरामुलगा बदलापूरचा, मांजर्लीत राहणारा, स्वभावाने शांत. त्याची आई मात्र म्हणाली, "आता तिसऱ्यांदा ढकलायचं नाही." हॉल बंद, म्हणून इमारतीच्या गच्चीवर मांडव. माणसं मोजकीच. मी माझ्या सख्ख्या मावसभावाला 'येऊ नकोस' असं फोनवर सांगितलं, तेव्हा त्याने 'बरं' म्हणून फोन ठेवला. गुरुजी साठीच्या पुढचे, त्यामुळे ते मोबाइलवरून लग्न लावणार होते. उल्हासनगरला शालू घ्यायला गेलो, तर दुकानदाराने शालूच्याच काठाचे जरीचे मास्क पुढे केले. "साईं, मॅचिंग है, फोटो में अच्छा आयेगा." विद्याने ते घेतले. माझ्या मुलीच्या लग्नात मी जरीचा मास्क लावून उभा राहणार, हे कोणी वर्षापूर्वी सांगितलं असतं तर मी त्याला डॉक्टरकडे नेलं असतं.

गौरीने एकच हट्ट धरला. "बाबा, आत्याचा धवला हवा."

"आपल्यात कुठे असतं ते?" मी म्हटलं.

"आपल्यात मोबाइलवरचे गुरुजी तरी कुठे असतात?"

जनाआत्याला विचारायची वेळ आलीच नाही. तिने आधीच जिन्यात बसून सराव सुरू केला होता. गच्चीत पाण्याच्या टाकीवर बसायचं, म्हणजे अंतरही राहील आणि आवाजही जाईल, हेही तिचं तिनेच ठरवलं होतं. जाता-येता गौरीला धवल्यातल्या जागा समजावून सांगायची. "इथं मी तुजा नाव घेनार, तवा वर बघ. लाजू नको."

लग्नाच्या सकाळी सगळे गच्चीत जमले. टाकी रिकामी. मुहूर्त जवळ आला तरी जनाआत्या नाही. मी खाली धावलो. तिचं दार बंद होतं. इतक्या वर्षांत तिचं दार बंद मी पहिल्यांदा बघत होतो. मी बेल वाजवली, कडी वाजवली.

"आत्या, चल. सगळे थांबलेत."

"मना नाय यायचा," आतून आवाज आला. "घसा बसलाय."

"गाऊ नकोस. नुसती येऊन बस."

"जा तू. मुहूर्त टलेल."

मी तसाच वर आलो. जी बाई न बोलावता जगाच्या लग्नांत गेली, ती वरच्या गच्चीत यायला नाही म्हणत होती. विद्याला सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा जरीच्या मास्कच्या वरसुद्धा लाल झालेला दिसला. "एवढं करून ऐन वेळी?" ती म्हणाली. गौरीने फक्त दोनदा टाकीकडे बघितलं.

लग्न लागलं. म्हणजे कसंबसं. गुरुजींनी 'शुभमंगल साव' म्हटलं आणि रेंज गेली. गुरुजी तोंड उघडून स्क्रीनवर तसेच थिजले. अक्षता धरलेले हात हवेत, टाकाव्यात की नाही कुणाला कळेना. शेवटी शेजारच्या इमारतीच्या गॅलरीतून कुणीतरी "धान!" असं ओरडलं आणि आम्ही अक्षता टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमनने मला खाली बोलावलं. गेटबाहेर एक मध्यम वयाचा माणूस हातात पिशवी घेऊन उभा होता. डोकं नुकतंच भादरलेलं.

"मी जनाआत्याचा भाचा," तो म्हणाला. "बदलापूरच्या पुढून आलोय. आता वर गेलो तर चालेल का? लग्न आटपलं ना?"

"कालच झालं. का?"

"माझे बाबा गेले परवा. आत्याचे भाऊ. हॉस्पिटलातच. आम्हाला नीट बघूपन नाय दिला. आत्याला फोन केला, तर बोलली, इकडे येऊ नको. इमारतीत पोरीचं लगीन हाय, रडत येशील तर लोकांचा आनंद नासेल. लगीन होऊ दे, मंग ये."

परवा म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी. त्या संध्याकाळी मी स्वतः तिला जिन्यात भेटलो होतो. "उद्या लवकर ये हं," असं सांगितलं होतं. तिने मान हलवली होती. भाऊ गेल्याचं तेव्हा तिला कळलेलं होतं.

मी विद्याला घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेलो. भाचा मागे. "आत्या," विद्या दाराशी म्हणाली, "आम्हाला का नाही सांगितलंस?"

ती आतूनच म्हणाली, "सुतकात धवला गात नाय. आनि सांगितला असता, तर तुमी वाजंत्रीपन बंद केली असती. तुमची जात तशीच हाय, भिकार भोली." मग हळू आवाजात, "त्याचा माज्यावर लई जीव होता गं. आईमागं त्यानंच मोठी केली. त्याला खांदापन माज्या मानसांनी नाय दिला. पिशवीत बांधून नेला."

विद्या दाराला कपाळ टेकून रडायला लागली. कालचा तिचा राग कुठे गेला, तिचं तिलाही कळलं नसेल.

मी वर गेलो, कुलकर्ण्यांना सांगितलं. त्यांनी देशमुखांना सांगितलं. अर्ध्या तासात जिना भरला. आमच्याकडे मयताच्या घरी जाऊन नुसतं बसतात, बोलायलाच हवं असं नसतं. पण तेव्हा तेही बंद होतं. म्हणून एकेक जण दोन पायऱ्या सोडून बसला. वरचे वर, खालचे खाली. नियमांचे देशमुख सगळ्यांत जवळ, तिच्या दारासमोरच्या पायरीवर. कुलकर्ण्यांची आई भिंत धरत धरत उतरली.

दार उघडलं. जनाआत्या उंबऱ्याच्या आत खाली बसली. केस मोकळे, डोळे कोरडे. तिने जिन्यात वर-खाली नजर टाकली.

"कोन कोन आलाय?" तिने विचारलं. "सगली तोंडं झाकलेली. मना वलखू येत नाय."

मग देशमुखांनी मान खाली घालून सांगितलं, "मी देशमुख." मागून विद्याने स्वतःचं नाव सांगितलं, मी माझं. मग वरच्या वळणावरून कुलकर्णी, त्यांची आई, खालून वॉचमन, तळमजल्यावरची शिंप्याची बायको. जिन्यातून एकेक नाव चढत-उतरत तिच्यापर्यंत येत होतं आणि प्रत्येक नावाला ती हळूच मान हलवत होती.

शेवटचं नाव झालं. तिने पदर डोळ्यांना लावला.

"गनपत नाव होता त्याचा," ती म्हणाली, आणि मग मोठ्याने रडली.