दुपारी तापणारा फोन

लतिकाबाईंचा फोन रोज दुपारी तापत असे, आणि त्या वेळी त्याला कुणीही हात लावलेला नसे.

त्यांचे यजमान रमेशराव आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. कारणावाचून काही घडते, ही कल्पनाच त्यांना सहन होत नसे. आचोळ्यातल्या त्यांच्या इमारतीने मात्र कारण परस्पर ठरवून टाकले होते. शेजारचे हरेश्वर तांब्याची एक चकती घेऊन दारात उभे राहिले.

"सर, समोरच्या गच्चीवर टावर हाय ना, तोच तापवतो. ही चकती फोनला चिकटवा. सगळी गरमी ओढून घेते."

"मग चकती तापायला हवी. तुमची तापते?"

"नाय. थंडगार! म्हनून तर सांगतो, काम करते."

रमेशरावांनी क्षणभर डोळे मिटले. "रविवारी सोसायटीच्या सभेत खरं कारण सांगतो. नाही सांगू शकलो, तर सर्वांसमोर ही चकती माझ्या फोनला चिकटवीन."

हरेश्वरांनी चकती शर्टाला पुसून खिशात ठेवली. "तुमच्यासाठी राखून ठेवतो."

रमेशरावांनी शिस्तीने शोध सुरू केला. फोनचे जाड कव्हर काढले, चार्जर बदलला, खिडकीतले ऊन पडद्याने अडवले. फोन तापतच राहिला. मग स्वतःचा फोन टॉवरसमोरच्या खिडकीत ठेवून पाहिला. तो गार राहिला. टॉवर निर्दोष ठरला. अपराधी मात्र सापडेना. झोपण्याच्या खोलीत निरीक्षणाला बसण्याची परवानगी लतिकाबाईंनी साफ नाकारली. "माझ्या वामकुक्षीवर प्रयोग नकोत हं."

रविवार उजाडला. दुपारी जिन्यात हरेश्वर भेटले आणि नुसता खिसा थोपटून गेले. रमेशराव तडक खोलीत शिरले. चार्जरची वायर भिंतीतून निघून लतिकाबाईंच्या उशीखाली गेली होती.

त्यांनी उशी उचलली. फोन चटका बसण्याइतका गरम होता. पडद्यावर झगझगीत उजेडात त्यांची मुलगी ऋतिका हातवारे करत होती, आवाजाविना.

"अहो, हळू! बंद पडेल."

"हा दुपारभर चालतो?"

"संपला की आपोआप पुन्हा लागतो. पुण्याहून पोरगी म्हणाली, आई, माझे व्हिडिओ कुणी बघतच नाही गं. म्हटलं, मी झोपले तरी फोन बघत राहील."

"उजेड इतका कशाला?"

"ती अंधुक दिसायला नको."

"उशीखाली?"

"तुम्ही चेष्टा केली असतीत."

रमेशरावांनी चेष्टा केली नाही, फोनचा आवाज वाढवला. "फोन चार्ज होताना व्हिडिओ चालवू नका," ऋतिका सांगत होती, "आणि उशीखाली तर मुळीच ठेवू नका. आतली उष्णता बाहेर पडायला वाट हवी."

"अगं, हेच तर सांगतेय ती!"

"मला काय ठाऊक? आवाज बंद असतो ना."

त्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. एकही चूक नव्हती. उष्णतेचे तिने दिलेले उदाहरण त्यांना स्वतःला इतक्या वर्षांत सुचले नव्हते.

सभेत त्यांनी कारण सांगितले, आणि पुरावा म्हणून व्हिडिओ मोठ्या आवाजात दोनदा लावला.

"पोरगी कोनाची?" मागच्या खुर्चीवरून कुणीतरी विचारले.

"माझी," रमेशराव म्हणाले. हा प्रश्न यावा म्हणूनच ते उभे राहिले होते. हरेश्वरांची चकती खिशातच राहिली.

एकाच फोनवरून पुन्हा पुन्हा पाहिल्याने प्रेक्षकसंख्या वाढते का, याविषयी त्यांना गंभीर शंका होती. ती त्यांनी बोलून दाखवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी रमेशरावांचा फोन किंचित कोमट लागला. चार्जर काढलेला होता, उजेड कमी होता, फोन उघड्या फरशीवर होता. त्यावर ऋतिकाचा व्हिडिओ चालू होता.