हंबीररावांच्या छातीतली कळ

आमदार हंबीररावांनी त्या सकाळी चहा संपायच्या आत दोन माणसांना "व्हय की" म्हटलं, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

पहिला फोन मुलीचा होता. क्रांती पुण्याला नोकरीत होती आणि बरीच वर्षं स्वप्नालीबरोबर राहत होती. इकडं आई-वडिलांच्या शिवाजी पेठेतल्या घरात स्वप्नालीला 'रूमपार्टनर' म्हणायची पद्धत होती. दोघींनी मिळून फ्लॅट घेतला, कुत्रं पाळलं, त्यांच्या आया एकमेकींना दिवाळीचा फराळ पाठवायला लागल्या, तरी तो शब्द बदलला नव्हता. बदलून दुसरा कुठला घ्यायचा, याचीच हंबीररावांना भीती वाटे.

"पप्पा, परवा विधानसभेत ठराव येतोय. आमच्यासारख्या जोडप्यांना नवरा-बायकोचे हक्क द्यावेत म्हणून. तुम्ही बाजूनं मत देणार न्हवं?"

'आमच्यासारख्या' हा शब्द ऐकून हंबीररावांच्या बशीतला चहा हिंदकळला. पण पोरीला नाही म्हणायची सवय नव्हती. "व्हय की," ते म्हणाले.

लगेच दुसरा फोन आला. तो पृथ्वीराजबापूंचा. बापू पेठ वडगावचे आणि पक्षाचे प्रतोद. कुठल्या बाजूनं मत द्यायचं याचा आदेश आमदारांना द्यायचा आणि तो पाळला जातोय का हे बघायचं, हे त्यांचं काम. आवाज असा की फोन वीतभर लांब धरला तरी ऐकू यायचा.

"हंबीरराव, परवाच्या ठरावाला आपला विरोध हाय. वरनं निरोप आलाय. आदेश मोडला तर आमदारकी जाती, ठावं हाय न्हवं?"

"व्हय की, बापू."

फोन ठेवला आणि हंबीरराव हिशेब करायला लागले. एका बाजूनं हात वर केला तर आमदारकी जाणार, दुसऱ्या बाजूनं केला तर पोरगी. गैरहजर राहावं तर दोघांनाही पटेल असं कारण हवं. असं कारण एकच होतं. त्यांनी छातीवर हात ठेवला. आधी चुकून उजवीकडं ठेवला, मग हळूच डावीकडं सरकवला.

"अवो, काय झालं?" शालूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"छातीत दुखालंय."

त्यांचा बेत साधा होता. दोन दिवस घरी पडून राहायचं आणि पेज प्यायची. पण शालूबाईंनी अशी हाक मारली की अख्खी गल्ली दारात जमली. शेजारच्या तालमीतल्या पोरांनी आमदारांना खुर्चीसकट उचललं आणि ते नको नको म्हणेपर्यंत दवाखान्याच्या अतिदक्षता विभागात नेऊन झोपवलं.

स्वीय सहायक महालिंग मोबाईल घेऊन कानाशी आला. "सायेब, ग्रुपवर टाकलंय. आमदारसाहेब अत्यवस्थ."

"अत्यवस्थ कशाला लिवलंस?"

"नुसतं बरं न्हाय म्हणून लिवलं तर कोण येतंय, सायेब?"

तासाभरात खाली गर्दी झाली. डॉक्टरीणबाईंनी कार्डिओग्राम निरखून बघितला. "हा तर अगदी चांगला आहे," त्या म्हणाल्या.

हंबीरराव हादरले. "पण आत लई दुखालंय, बाई."

"मग आतूनच बघायला हवं. उद्या सकाळी अँजिओग्राफी करू. मनगटातून बारीक नळी घालायची आणि थेट हृदयापर्यंत न्यायची. घाबरायचं काही कारण नाही."

साधं इंजेक्शन घेताना शालूबाईंचा पदर धरणारा हा माणूस. "बाहेरनंच बघा की," ते कळवळून म्हणाले. पण बाई पुढच्या पेशंटकडं गेल्या होत्या.

दुपार कलल्यावर पुण्याहून दोघी आल्या. क्रांती आत शिरली. स्वप्नालीला दारातल्या वॉचमननं अडवलं.

"फक्त घरची माणसं. तुम्ही पेशंटच्या कोण?"

काचेतून हंबीररावांना सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं. स्वप्नालीनं क्रांतीकडं बघितलं. क्रांती मागं वळून म्हणाली, "ती माझी..." आणि तिनं वडिलांकडं बघितलं. हंबीररावांनी झोप लागल्यासारखे डोळे मिटून घेतले. आजवर बऱ्याच सोंगांत त्यांनी डोळे मिटले होते, पण एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं.

शेवटी शालूबाईच पुढं झाल्या. "सून समज न्हायतर लेक समज, पण आत सोड. पोरीनं पुण्यापासनं एकटीनं गाडी हाणलीया."

वॉचमन बाजूला झाला. स्वप्नालीनं येऊन हंबीररावांचा हात धरला. तिचा स्वतःचाच हात थंडगार पडला होता, डोळे सुजले होते.

"माझे बाबा असेच गेले, काका. तुम्हाला मी काही होऊ देणार नाही."

आता हंबीररावांच्या छातीत खरोखरच कळ आली. त्यांना राहवेना. "पोरी, मला कायबी झालेलं न्हाय. खोटंच सांगितलं मी."

"बाबाही शेवटी हेच म्हणत होते!" स्वप्नाली किंचाळली आणि डॉक्टरांना बोलवायला धावली. त्या गडबडीत त्यांना आणखी दोन सुया टोचल्या गेल्या.

सकाळी त्यांना दवाखान्याचा झगा घातला. त्याला मागून बांधायच्या नाड्या होत्या, त्यातली एकच जागेवर होती. ट्रॉली ढकलत त्यांना एका बंद दारासमोर नेऊन ठेवलं. तिथं आधीच एक ट्रॉली होती आणि चादरीखालचा माणूस इतका कापत होता की तिची चाकं खडखडत होती. चादर जराशी सरकली.

"बापू?"

"हळू बोला, पावणं!" पृथ्वीराजबापू कुजबुजले. त्या माणसाला कुजबुजता येतं हे हंबीररावांना आजच कळलं.

"तुमचीबी छाती?"

"छातीला काय धाड भरलीया? आदेशावर माझी सही लागती, म्हणून आलोय पळून. आमची थोरली आक्का हाय न्हवं, तिनं वाढवलंय मला. ती आन बनाबाई, उभा जल्म एका घरात काढला दोघींनी. चूल एक, म्हशी एक, दुखणंखुपणं एक. आक्का म्हणाली, 'बापू, तसल्या कागदावर सही केलीस तर माझा उंबरा चढू नगंस.'"

"मग आदेश?"

"काढलाच न्हाय अजून. हात धजला न्हाय."

"म्हंजे मी इथं उगंच?"

"मीबी उगंच," बापू म्हणाले.

एवढ्यात दार उघडलं. "चला, पहिलं कोण?" आतून आवाज आला. दोघांनी एकमेकांकडं बोट दाखवलं, आणि नर्स हसून आत वळताच दोघंही ट्रॉलीवरून उतरून शेजारच्या जिन्यानं पळाले.

जिना उतरला तो थेट मुख्य दाराच्या ओसरीत. एकाच पक्षाचे दोन आमदार मतदानाच्या तोंडावर एकाच दवाखान्यात पडले म्हटल्यावर पत्रकार तिथं तळ ठोकून होते. कॅमेरे वळले.

हंबीरराव पळायला वळणार, तेवढ्यात पाठीला गार वारा लागला आणि झग्याची आठवण झाली. ते मागं मागं सरकत भिंतीला चिकटले. शेजारी बापूही चिकटले. आता समोर बघण्यावाचून इलाज नव्हता.

"साहेब, ठरावावर तुमची भूमिका काय?"

"पक्ष जे ठरवंल..." त्यांनी सुरुवात केली. तेवढ्यात गर्दीमागून क्रांती आणि स्वप्नाली धावत आल्या. त्यांना उभं बघून स्वप्नाली तिथंच पायरीवर बसली आणि हसता हसता रडायला लागली. हंबीररावांनी ते वाक्य तिथंच सोडलं.

"मला काय झालेलं न्हाय," ते म्हणाले. "मी भ्यालोतो. मी बाजूनं मत देणार. ती माझी लेक हाय. आन ती पायरीवर बसलीया न्हवं, ती तिची जोडीदारीण. आमच्याच घरची."

"आणि पक्षाचा आदेश?" माईक बापूंकडं वळले.

बापूंनी घसा साफ केला. "आदेश निघालेला न्हाय. ज्यानं त्यानं घरात इचारून मत द्यावं."

महालिंग गर्दीतून वाट काढत आला. त्याच्या हातात मोबाईल वाजत होता. "सायेब, मुंबईचा फोन. मोठ्या सायबांचा."

तोवर स्वप्नालीनं कुठूनशी चादर आणली आणि ती त्यांच्या पाठीमागं सरकवायला लागली.

"ही बापूंना दे," हंबीरराव म्हणाले. "त्यांच्या झग्याला एकबी नाडी न्हाय." आणि महालिंगपुढं हात केला. "आण हिकडं फोन."

पाठीला भिंत होती म्हणून बरं.