दामोदरभाऊंचं नाक

आमच्या गल्लीत दामोदरभाऊंकडे जायचं तर आधी फाटकात उभं राहून स्वतःचा वास द्यावा लागतो. भाऊ येणाऱ्याच्या खांद्यापाशी नाक आणतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात. परवा मला म्हणाले, "टपरीवर उभे होते ना? शर्टाले धूर लागून राह्यला. झटकून या." मी नुसता चहा घेतला होता, बिडी शेजारच्याची होती. त्या नाकापुढे मी मनोमन हात जोडले.

हेच भाऊ एकेकाळी बिडीचे कट्टेच्या कट्टे संपवत. नोकरी कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये. तिथे कापूस पेट घेईल म्हणून बिडीला सक्त मनाई. दिवसभराची तलफ ते घरी येऊन, दारं लावून, निवांत भागवत. बाजूलाच त्यांची बायको, कुसुमवहिनी, भाजी निवडत बसलेल्या. त्यांनी जन्मात बिडी हातात धरली नाही, आणि हृदयाची नळी तुंबली ती त्यांचीच.

डॉक्टरांनी नळीत स्प्रिंग बसवली, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितलं. वर्षानुवर्षं दुसऱ्याचा धूर घेतला तरी असं होतं, आता घरात धूर नको, असंही बजावलं.

भाऊंनी त्याच दिवशी बिडी टाकली. भिंती खरवडून रंगवल्या. गादीतही धूर मुरला असेल म्हणून कापूस पिंजायला नेला, तर पिंजाऱ्याच्या ओठांत बिडी! सगळा कापूस उचलून परत आणला आणि स्वतः सतरंजीवर झोपू लागले. स्वयंपाकही हाती घेतला, कमी तेलाचा, कमी मिठाचा. तसलं वरण माणूस इतक्या निष्ठेनं रोज करू शकतो, हे मी थक्क होऊन पाहत आलोय.

वहिनींची पुन्हा तपासणी ठरली तेव्हा भाऊंची जेवणावरची वासनाच उडाली. पण निकाल चांगला आला, रक्त नीट वाहत होतं. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो, तर भाऊंनी माझा वास घेतलाच नाही. आपलाच हात पुढे केला.

"पाहा बरं, बिडीचा वास येते का अजून?"

नाही येत, म्हणालो. त्यांना पटेना.

"जिनिंगात कापसाले जपलं मी. घरी हिले धूर पाजला."

वहिनींनी तो हात ओढून स्वतःच्या नाकाशी नेला.

"येते ना," त्या म्हणाल्या. भाऊंचा चेहरा उतरला. "लसणाचा येते. जा, भाजी पाहा, करपून राह्यली."

जा म्हणाल्या खऱ्या, पण हात काही सोडला नाही.