दीड दिवसाचं गाव

त्या देशात किनाऱ्यावरची बस जागची हलत नाही. किनारा सरकतो, आणि ज्याचं गाव दारासमोर येतं तो उतारू उतरतो.

बसला चाकं नाहीत. चिंचेच्या एका थोरल्या झाडाखाली ती दगडांवर टेकवून ठेवलेली आहे. एलादियो नावाचे चालक पहाटे तिच्या काचा पुसतात, टोपी घालून आपल्या जागेवर बसतात आणि दोनदा भोंगा वाजवतात. मग उजव्या अंगानं कॅरिबियन समुद्र आणि त्याच्या काठाची गावं हळूहळू यायला लागतात. पुन्हा दोनदा वाजवला की समोरचं गाव थांबतं, एकदा वाजवला की पुढं जातं. एलादियोंच्या हातून आजवर एकही अपघात झालेला नव्हता, आणि ते हे जरा मान ताठ करून सांगत.

चिपळूणच्या कुंदाताई उकिडवे यांना यात काही वावगं वाटलं नाही. व्रतांच्या कहाण्या ऐकत वाढलेली बाई ती. कहाण्यांत नदी दुभंगून वाट देते, उपाशी बाईच्या दारी देव म्हातारा होऊन येतो. तिथं एखादा किनारा चार पावलं चालला तर कोणाचं काय बिघडलं? अडचण झाली ती त्यांच्या यजमानांची. मोरेश्वरराव उभा जन्म मोजणी खात्यात होते. बांधावरचा दगड वीतभर सरकला म्हणून सख्ख्या भावांना कोर्टात जाताना त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी एलादियोंना समजावून सांगितलं, की जमीन चालत नाही.

एलादियोंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "इथली चालते, सेन्योर. तुमच्याकडं बसगाड्याच रस्त्यानं पळतात असं मी ऐकलंय. आतल्या माणसांना लागत नाही का?"

"लागतं कधीकधी," कुंदाताई म्हणाल्या. खरं ते खरं.

कुंदाताई मराठीत बोलत, एलादियो स्पॅनिशमध्ये, आणि दोघांचं कुठं अडत नव्हतं. अडायचं ते मोरेश्वररावांचं, कारण ते इंग्रजीत बोलत.

एवढ्या लांब ही दोघं आली होती ती लेकीसाठी. त्यांची ऋजुता आणि जावई पुएर्तो एस्पेरा नावाच्या बंदराच्या गावी राहत. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. कुंदाताईंनी त्यासाठी काय नाही केलं? संकष्ट्या धरल्या, मंगळवार केले, गूळ सोडला, पायांत वहाण घालायची सोडली ती दोन पावसाळे. आता लेकीला दिवस गेले होते आणि सातवा महिना उद्या सरत होता. आठव्यात ओटी भरत नाहीत. म्हणजे उद्याचाच दिवस हाती होता. विमान उशिरा पोचल्यामुळं आधीच एक दिवस वाया गेलेला. मांडीवरच्या पिशवीत हिरवा खण, हळकुंडं, सुपाऱ्या आणि घरून आणलेले तांदूळ होते, आणि त्या पिशवीवरचा हात कुंदाताईंनी सकाळपासून काढला नव्हता. एलादियोंचा हिशेब होता, की किनारा या चालीनं चालला तर पुएर्तो एस्पेरा आजच दिवेलागणीला दारात येईल.

सकाळ मोठी छान गेली. माड येत होते आणि जात होते. समुद्रकाठचे बदाम, केळीच्या बागा, लाल बोंडं लटकलेले काजू हे सगळं ओळखीचं. "गुहागरच की हो," कुंदाताई म्हणत होत्या, आणि मोरेश्वरराव दर वेळी सांगत होते, की गुहागर जागच्या जागी असतं. एका गावाच्या विजेच्या तारेवर एक अस्वलासारखा प्राणी उलटा लोंबत होता. त्याला तारेवरून पलीकडं जायचं होतं, पण तो इतका संथ, की तो हलायच्या आत गावच निघून गेलं. एका गावानं खिडकीतून नारळाच्या दुधात शिजवलेला भात आणि राजमा दिला. कांदा-लसूण आहे का, हे विचारून कुंदाताईंनी तो मोरेश्वररावांना दिला आणि स्वतः केळं खाल्लं.

दुपारी सान तेल्मो आलं. लहानसं गाव, पंधरा-वीस घरं, निळं रंगवलेलं चर्च. ते अगदी बसच्या पायरीला येऊन टेकलं. एक म्हातारी पुढं झाली. तिचं नाव फेलिसितास. तिनं एक शहाळं सोलून कुंदाताईंच्या हातात ठेवलं आणि पैसे विचारताच कानांवर हात ठेवले.

कुंदाताईंना भरून आलं. त्यांच्या मनात आलं, केवढ्या उन्हाचं हे गाव आपल्यापर्यंत चालत आलंय, आणि आपण खुशाल बसून आहोत. दारी आलेल्याला कोरडं पाठवायची त्यांच्या घरची रीत नव्हती. त्या पायरीवर उतरल्या. तांब्यातलं पाणी त्यांनी गावाच्या पायांवर, म्हणजे वाळूच्या कडेवर, घातलं. हळद-कुंकू वाहिलं. मूठभर अक्षता टाकल्या, चिमूटभर साखर दाखवली, आणि हात जोडून सवयीनं म्हणाल्या, "आलात तसे बसा."

सान तेल्मो बसलं.

आधी पुढचे दोन माड टेकले, मग घरं, शेवटी चर्च. गाय बसते तसं, एक बाजू आधी आणि एक मग. कोंबड्या जरा उडाल्या. नंतर सगळं स्थिर झालं आणि गावानं समाधानाचा मोठा निःश्वास सोडला. बसच्या खिडक्यांचे पडदे हलले.

एलादियोंनी एकदा भोंगा वाजवला. मग पुन्हा एकदा. मग टोपी काढून हातात धरली. त्यांच्या साऱ्या नोकरीत असं झालं नव्हतं.

थोड्या वेळानं किनारा खात्याचे साहेब आले. बोनिफासियो त्यांचं नाव, सडपातळ गृहस्थ, बुटांत वाळू गेलेली. त्यांनी गावाभोवती एक फेरी मारली, चर्चच्या भिंतीला कान लावला आणि विचारलं, की या गावाला कोणी बसवलं. कुंदाताईंनी हात वर केला.

"मग तुम्हीच उठवायचं. ज्यानं बसवलं त्यानंच, असा नियम आहे. कसं उठवतात?"

"उत्तरपूजा करतात," कुंदाताई म्हणाल्या. "अक्षता वाहायच्या, हातावर दही घालायचं, शिदोरी द्यायची आणि जागेवरून जरासं हलवायचं. मग जायला मोकळे."

"छान. करा."

"आत्ता नाही करता येत. आमच्याकडं दीड दिवसाचा असतो. बसवल्यावर उद्या संध्याकाळशिवाय उठवत नाहीत."

बोनिफासियोंनी मान हलवली. नियम म्हटल्यावर त्यांचा काही वाद नव्हता. त्यांना फक्त एवढंच विचारायचं होतं, की आज रात्री गावाला पांघरूण वगैरे लागेल का.

मोरेश्वरराव कुंदाताईंना बाजूला घेऊन गेले. उद्या संध्याकाळी गाव उठणार, मागची गावं त्यानंतर हलणार, म्हणजे ऋजुताचं गाव परवा येणार. परवा आठवा लागतो. त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं, की हा परमुलूख आहे, हा काही आपला गणपती नव्हे, कोणी बघणारही नाही. दोन अक्षता टाक आणि मोकळी हो. पोरगी तिकडं एकटी वाट बघत असेल.

कुंदाताईंनी लेकीला फोन लावला. आई गावाला बसवून बसली हे ऐकून ऋजुता आधी खूप हसली. मग म्हणाली, की राहू दे आई, नाही भरली ओटी तर काय होतंय. पण शेवटच्या शब्दाला तिचा आवाज ओला झाला, आणि ते आईच्या कानाला कळायचं राहिलं नाही. घरात तिनं आरशासमोर हिरवी साडी अंगाला लावूनही पाहिली होती.

फोन ठेवून कुंदाताई पायरीवर बसल्या. समोर सान तेल्मो बसलेलं. एवढं निवांत, की कुठल्याशा घरात कोणी घोरत होतं. खरंच, कोण बघणार होतं? त्यांनी अक्षतांची डबी उघडलीसुद्धा. मग झाकण लावलं.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "बसा म्हटलं, ते आपण म्हटलं. पाहुण्याच्या ताटाखालचा पाट ओढून लेकीला बसायला द्यायचा, आणि त्या पाटावर तिची ओटी भरायची? ती कशी लाभेल?"

एवढ्या वर्षांत मोरेश्वररावांना ठाऊक झालं होतं, की या आवाजाला मोजपट्टी लागत नाही.

ऊन उतरलं तसे बोनिफासियो पुन्हा आले. आता त्यांचा चेहरा उतरला होता. मागून येणाऱ्या गावांना पुढचं गाव बसल्याची कल्पना नव्हती, आणि ती येऊन एकमेकांवर चढत होती. तक्रारी सुरू झाल्या होत्या. एका गावाचं मासळी बाजारासकटचं तोंड दुसऱ्याच्या शाळेत शिरलं होतं. दोन महापौरांना एकच व्हरांडा वाटून घ्यावा लागत होता. "आणि सर्वांत वाईट म्हणजे," ते म्हणाले, "मागून पुएर्तो एस्पेरा भरधाव येत होतं. मोठं गाव, वेळेत थांबता आलं नाही. मधल्या गावांना बाजूला सारून त्याच्या बंदराचा अख्खा धक्का या गावाच्या केळीच्या बागेत घुसलाय."

कुंदाताई उठून उभ्या राहिल्या. "कुठं आहे म्हणालात?"

"केळीच्या बागेत, सेन्योरा. मी खात्यातर्फे दिलगीर आहे."

"इथून पायी किती?"

बोनिफासियोंनी बोट दाखवलं. केळीच्या पानांमधून एक क्रेन दिसत होती, आणि क्रेनखालून, एक हात कमरेवर ठेवून, दुसऱ्या हातानं पानं बाजूला सारत, ऋजुता येत होती. मागून जावई चपला हातात घेऊन.

मायलेकी काय बोलल्या ते दोघींनाही नंतर आठवलं नाही. मोरेश्वररावांना आठवतं. आईनं विचारलं, जेवलीस का. आणि लेकीनं सांगितलं, की हो, पण पुन्हा जेवेन.

रात्री सान तेल्मोची आरती झाली. एलादियोंना शब्द येत नव्हते, पण भोंग्यावर त्यांनी ताल बरोबर धरला.

सकाळी ओटी भरली. बसचं सीट काढून ते केळीच्या बागेत मांडलं, म्हणजे एक पाय सान तेल्मोत आणि एक पुएर्तो एस्पेरात. कुंदाताई धरून चालल्या होत्या, की परक्या मुलखात सवाष्णी कुठून मिळणार, आपण एकटीनंच भरायची. पण दोन्ही गावांच्या बायका आंघोळ करून, केसांत फुलं माळून, ओळीनं उभ्या होत्या. आधी कोणता हात, किती वेळा, तांदूळ सांडले तर चालतात का, असं त्या गंभीरपणे विचारून घेत होत्या. फेलिसितास मात्र मागं माडाला टेकून उभी राहिली. दुसऱ्या बायकांनी सांगितलं, की तिचा दादला मासेमारीला गेला तो वर्षं झाली, आलेला नाही.

कुंदाताईंनी तिला विचारलं, की बुडाल्याचं कोणी पाहिलं का.

कोणी पाहिलं नव्हतं. फेलिसितास म्हणाली, "माणूस परत येत असेल हो. पण गाव रोज पुढं जातं. तो येतो तेव्हा इथं दुसरंच गाव असतं."

"मग तुम्ही सवाष्ण," कुंदाताई म्हणाल्या. "शहाळं तुमचं होतं, पहिली ओटी तुमची."

फेलिसिताससाठी रांग बाजूला झाली. तिनं ओंजळीनं तांदूळ घातले, नारळ ठेवला, आणि ऋजुताच्या पोटावर तळवा टेकवून बराच वेळ समुद्राकडं बघत राहिली. ऋजुता हलली नाही.

त्याच दिवशी, दुपारच्या जेवणाच्या सुमारास, सान तेल्मोच्या वाळूला एक होडी लागली. थोड्या वेळानं दुसरी. त्यांतली माणसं दाढ्या वाढलेली, उन्हानं रापलेली. गाव जागेवर सापडलं याचं त्यांना फार नवल वाटत होतं. एकानं घरी जाऊन दार वाजवलं, तर आतून बायकोनं आधी त्याला पाय धुवायला लावले. फेलिसितास प्रत्येक होडीपाशी जाऊन आली. तिसरी होडी आली नाही.

संध्याकाळी उत्तरपूजा झाली. कुंदाताईंनी अक्षता वाहिल्या, गावाच्या हातावर दही घातलं, दही-पोह्यांची शिदोरी चर्चच्या पायरीवर ठेवली. सगळ्यांनी मिळून पुढच्या वर्षी लवकर यायला सांगितलं. सान तेल्मो एका बाजूनं उठलं, मग दुसऱ्या बाजूनं. त्याला जायचं नव्हतं हे कोणालाही दिसत होतं.

बोनिफासियोंनी घसा साफ केला. पुढच्या वर्षी हे गाव आलं की मागच्यांना आधी कळवायला हवं, म्हणून त्यांना विचारायचं होतं, की सान तेल्मो किती दिवस बसवणार.

"दीड," मोरेश्वरराव म्हणाले. "आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या दीडच."

कुंदाताईंनी निघालेल्या गावाकडं पाहिलं. शेवटच्या घराच्या ओट्यावर फेलिसितास हात हलवत उभी होती, आणि हात हलवतानाही तिची नजर पाण्यावर होती.

"दहा," कुंदाताई म्हणाल्या.

"दहा दिवस रोजचा नैवेद्य, दोन वेळची आरती," मोरेश्वरराव म्हणाले. "झेपेल का तुला?"

"गाव मोठं आहे. लोक लांब गेलेत. त्यांना यायला वेळ नको का?"

मोरेश्वररावांनी डोळे बारीक करून पाण्याकडं पाहिलं, तिथून किनाऱ्याकडं पाहिलं, मनात काहीतरी मोजलं आणि म्हणाले, की दहा पुरतील, पण सामान येताना दुप्पट आणावं लागेल.

बोनिफासियोंनी हे ऐकून घेतलं आणि मागच्या गावांना कळवायला निघून गेले. एलादियोंनी टोपी घातली आणि एकदा भोंगा वाजवला.