सेतुरामराव पक्ष्यांना पोचवायला जातात

कुरियरवाला पार्सल देऊन वळला की आमचे घरमालक सेतुरामराव पायात चपला सरकवतात आणि त्याला फाटकापर्यंत पोचवायला जातात. तो गल्लीच्या टोकाला दिसेनासा होईपर्यंत तिथेच उभे. गॅसवाला, मीटर बघणारा, पत्ता चुकून आमची बेल वाजवणारा, सगळ्यांना हाच मान. "आपल्या दारातनं माणूस जातांना पाठ फिरवायची नाहीं, मा," ते मला सांगतात. "मर्यादा म्हणून एक अहे."

मी मूळची सांगलीची. नोकरी अंबत्तूरला, राहते मैलापुरात, सेतुरामराव मामांच्या माडीवर. चेन्नईत वडीलधारा शेजारी मामाच असतो. हे मामा तंजावरचे मराठी. त्यांचे पूर्वज इकडे आले त्यानंतर मराठीत जे काही बदल झाले, ते त्यांना कुणी कळवलेले दिसत नाहीत. रोज सकाळी ते मलाही फाटकापर्यंत पोचवतात. एकदा हेल्मेट विसरले म्हणून मी परत आले, तर त्यांनी निरोप पहिल्यापासून दिला. त्या दिवशी कंपनीत उशिराचा शेरा बसला.

एकदा मदुरैच्या साडूंना पोचवायला ते एग्मोर स्टेशनात गेले. सामान नीट लागलंय का बघायला डब्यात चढले आणि गाडी सुटली. तांबरमला मामा उतरले, साडू खिडकीतून हात हलवत पुढे गेले. कोणी कुणाला पोचवलं, यावर दोन घरांत अजून एकमत नाही.

या सगळ्यावर कडी म्हणजे फ्लेमिंगो. एन्नोरच्या पुढे पळवेर्काडुला मोठं खारं सरोवर आहे, पक्ष्यांसाठी राखलेलं. थंडीत तिथे फ्लेमिंगोंचे थवे उतरतात आणि उन्हं तापली की निघून जातात. इतक्या लांबून आलेले पाहुणे कोणी पोचवायला नसताना जातात, हे मामांना खपत नाही. गेली तीन वर्षं त्यांची एकच इच्छा आहे: पक्षी निघतील तेव्हा आपण तिथे हजर असावं. आणि तीन वर्षं चुकामूक. एका रविवारी जावं तर सगळे निवांत चरतायत, पुढच्या रविवारी जावं तर पाणी रिकामं.

यंदा त्यांनी मला धरलं. "तुझ्यापाशीं कार अहे?"

"मैत्रिणीची आहे, मामा."

"सेरी. तिला मर्यादेनं विचार."

निघताना बघते तर गुडघ्याला पट्टा, कमरेला जरीकाठी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, काखेत छत्री आणि हातात तांबुलाची पिशवी. विड्याची पानं, सुपारी, हळकुंड, नारळ. इकडे लग्नामुंजीतल्या पाहुण्यांना निघताना देतात तीच.

"मामा, पक्षी नारळ कसा नेतील?"

"कसा न्यायचा तें ते पाहतील. दिला नाहीं तर चूक आपली."

सरोवराशी फॉरेस्ट गार्डने अडवलं. खाण्याचं काही आत न्यायचं नाही. मामांनी त्याला तमिळमधून मर्यादेवर लांबलचक व्याख्यान दिलं. त्यानेही तितक्याच शांतपणे नियम ऐकवले. अखेर तोडगा निघाला. पाहुण्यांच्या वतीने पिशवी गार्डने स्वीकारली, दोन्ही हातांनी, चपला काढून. आणि मग पुढे काय होतं ते बघायला तोही आमच्याबरोबर काठावर आला.

पक्षी होते. दूरवर फिकट गुलाबी रांग, सगळ्यांच्या माना चिखलात. "जेवण चाललंय," मामा कुजबुजले. "मधें बोलायचं नाहीं."

थोड्या वेळाने दहा-बारा पक्षी उडाले. मामा ताठ झाले, छत्री माझ्याकडे दिली, दोन्ही हात उंच केले. पक्ष्यांनी एक वळसा घेतला आणि परत तिथेच, पेलिकनांच्या शेजारी उतरले. मामांनी हात खाली घेतले. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी मी हसून हसून खाली बसले, गार्डलाही आवरेना.

"तात्ता," इकडे आजोबांना म्हणतात तसं तो म्हणाला, "उगाच हात दुखवून घेताय. ते दिवसा जात नाहीत. जायचे ते रात्रीच. सकाळी बघावं तर जागा मोकळी."

मामांचे हात अर्ध्यावरच राहिले. "कोणी राखण करत बसलं तर?"

"माझं काम तेच आहे. इतकी वर्षं इथे आहे, पण जाताना एकदासुद्धा दिसले नाहीत."

"कुणालाच नाहीं?"

"कुणालाच नाही, तात्ता."

मामा जरीच्या वेष्टीसकट वाळूत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कमला आस्पत्रीत होती तेव्हां अकरा दिवस मी खुर्ची सोडली नाहीं. बाराव्या रात्रीं खालीं काफी प्यायला गेलों. वर आलों तर झालं होतं. दहा मिनिटं, मा. काफीपायीं तिला एकटीला जाऊं दिलं. त्यानंतर काफी घेतली नाहीं."

कमलामामींना मी पाहिलेलं नाही. मी आले ती त्या गेल्यानंतर. पण मामांच्या निरोपाची नक्कल मी कंपनीत किती वेळा केली होती, आणि लोक किती हसले होते. माझी मलाच लाज वाटली.

मामांनी गार्डला जवळ बोलावलं. "तें परत एकदा सांग पा."

"काय?"

"जातांना दिसत नाहींत तें."

त्याने परत सांगितलं, आधीपेक्षा सावकाश. मामा मान हलवत ऐकत राहिले.

येताना एन्नोरच्या आधी एका टपरीपाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरले आणि मला काही न विचारता दोन काफी सांगितल्या. आपला ग्लास त्यांनी दोन्ही हातांत धरला, फुंकर घातली, आणि शेवटच्या घोटापर्यंत सावकाश प्यायले.