यादी शून्यापासून सुरू होते

वाढदिवसाच्या निमंत्रणाला बेबीनंदा आत्यानं नुसते जोडलेले हात पाठवले, तेव्हाच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आत्या म्हणजे बाबांची बहीण. ती मंठ्याला राहते आणि साध्या 'शुभ सकाळ'लाही गुलाब, फुगे, नाचणारा ससा असं सगळं पाठवते. (मला तसं रोजच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते, आणि कुकर मीच लावलेला असतो. त्यामुळे स्वतःच्या वाटण्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. त्या दिवशी ठेवायला हवा होता.)

पाठोपाठ चुलतभाऊ नागसेननं मेणबत्ती पाठवली. एकच, पेटलेली. केकवरची असेल, असं मी स्वतःला समजावलं. मग मामांचं "भावपूर्ण आदरांजली" आलं. केकवर तसं कोणी लिहीत नाही.

मी तेव्हा जालन्याला, कॉलेजच्या लॅबमध्ये बसले होते. एमएस्सी कम्प्युटरचं शेवटचं असाइनमेंट द्यायचं होतं आणि तारीख होती एक जून. आमचे भिवा आजोबा एक जूनचे. त्यांच्या वयाची निम्मी माणसं एक जूनचीच असतात. शाळेत नाव घालायला आईबापांनी पोर आणून उभं केलं की गुरुजी त्याच्याकडे एकदा बघायचे आणि एक जून लिहून मोकळे व्हायचे. आजोबांची यंदा कागदोपत्री ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. बाबांच्या मनात आदल्या दिवशी अचानक आलं की अंबडला घरीच कार्यक्रम करायचा, सगळ्या नातेवाइकांना बोलवायचं.

"पत्रिका छापायला आता वेळ कुठंय," बाबा म्हणाले. "अक्षता, तू इतकं कम्प्युटर शिकून राह्यली, तूच पाठव समद्यायला."

इथे मी हुशारी केली. (माझ्या आयुष्यातली सगळी नुकसानं हुशारीनं झाली आहेत.) असाइनमेंट असं होतं, की एका वेळी पुष्कळ लोकांना मेसेज पाठवणारा प्रोग्राम लिहायचा. आमच्या आदिनाथ सरांची अट होती, "एबीसी, एक्सवायझेड नावाची माणसं मला नकोत. खरा डेटा घ्या, खरा मेसेज पाठवून दाखवा." म्हटलं, एकाच प्रोग्राममध्ये दोन्ही कामं उरकू. माझ्या मोबाईलमधले सगळे नातेवाईक घेतले. मेसेजच्या पहिल्या ओळीचे तीन प्रकार केले: लग्न, वाढदिवस, निधन. माणसाच्या घरात एवढंच घडतं, असं मला वाटलं. खालचा मजकूर तिन्हींना एकच ठेवला. सर म्हणाले होते, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिणारा प्रोग्रामर आळशी नसतो, अडाणी असतो.

वाढदिवस यादीत दुसरा होता. म्हणून मी दोन दाबलं.

कम्प्युटर शिकलेले वाचक इथे हसले असतील. बाकीच्यांना सांगते: कम्प्युटर शून्यापासून मोजतो. पहिल्याचा नंबर शून्य, दुसऱ्याचा एक. दोन म्हणजे तिसरा. हे मी फर्स्ट इयरला माझ्या मैत्रिणीला, शालूला, कँटीनच्या टेबलावर शेंगदाणे मांडून समजावलं होतं. पेपरात लिहून मार्कही घेतले होते. पण बटण दाबणारं बोट पेपर लिहीत नाही.

मी पाठवलेला मेसेज उघडला.

"कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमचे लाडके आजोबा भिवाजी यांचे निधन झाले आहे. कार्यक्रम आज सायंकाळी पाच वाजता, राहते घर, अंबड. आपली उपस्थिती हाच आमचा आनंद. स्नेहभोजनाची व्यवस्था केली आहे. कृपया आहेर आणू नये."

शेजारच्या खुर्चीवरून शालूनं वाकून वाचलं. मग यादीवर बोट ठेवलं.

"शून्यापासून," ती म्हणाली.

"माहितीये मला."

"शेंगदाण्यांवर दाखवलं होतं तू."

तेवढ्यात आदिनाथ सर फिरत फिरत आमच्या टेबलापाशी आले. "काय, आऊटपुट आलं का?"

"आलं सर," मी म्हणाले आणि मला रडूच फुटलं. "आजोबा गेले."

सरांनी चष्मा काढला. "अरे अरे. कधी?"

"आत्ताच सर. प्रोग्राममधून."

"हे बघ, तू घरी जा. सबमिशन काय, उद्या दिलंस तरी चालेल."

"नाही सर, ते खरे गेलेले नाहीत."

"मग सबमिशन आजच," असं म्हणून सरांनी चष्मा घातला आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

मी पहिल्यांदा सगळे मेसेज पुसायला घेतले. मग घाईघाईत बरोबर नंबर दाबून वाढदिवसाचा मेसेज पाठवला. मग कुटुंबाच्या ग्रुपवर स्वतःच्या बोटांनी लिहिलं, "आजोबा सुखरूप आहेत." त्यावर मामांचं लगेच उत्तर आलं, "जिथे असतील तिथे सुखरूपच असतील. सत्पुरुष होते."

मग मी फोन करायला सुरुवात केली. बाबांचा फोन बिझी. आईचा वाजून वाजून थांबला. (आईचा फोन घरात चार्जिंगला असतो आणि आई घरात नसते, अशी आमच्याकडची पद्धत आहे.) शेवटी मी सरळ आजोबांनाच लावला. त्यांच्या तोंडून एक वाक्य निघालं असतं, तर सगळं तिथेच मिटलं असतं. आजोबा सकाळीच शहागडला गेले होते, दोस्ताकडे. सर्जेराव त्यांचं नाव, गोदावरीच्या काठी राहतात, आणि दोघं मिळून मासे खातात. घंटी वाजत राहिली. मग ती फोनमधली बाई म्हणाली, आपण ज्यांना फोन केला आहे ते उत्तर देत नाहीत.

मला उगाच आठवलं. सकाळी घरून निघताना आजोबा माझ्या खोलीच्या दारात उभे राहून म्हणाले होते, "छातीत जळजळ होऊन राह्यली गं जरा." आणि मी लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाले होते, "चहा कमी प्या आजोबा."

मी पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई.

सबमिशन तसंच सोडून मी अंबडची एसटी धरली. बस कडेला उभी राहून तापत होती. कंडक्टर येईना, आला तर ड्रायव्हर येईना. खिडकीची दांडी हाताला भाजत होती. मी फोन लावत होते आणि डोळे पुसत होते. शेजारी बसलेल्या बाईंनी बराच वेळ पाहिलं.

"कोण गेलं, बाई?"

"कोणी नाही हो."

"न्हाई कसं. माणूस उगं रडतं का? बाप का आजा?"

"आजोबा. पण ते गेलेले नाहीत."

"असंच वाटतं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी मला पिशवीतली काकडी दिली. मागच्या सीटवर लगेच कुजबुज झाली की पोरीचा आजा गेला. मग एका माणसानं खिडकीजवळची सावलीतली जागा मला दिली. नकार देण्याइतकी ताकद माझ्यात नव्हती. (सावली चांगली होती, हेही खरं.)

बस सुटली आणि आत्याचाच फोन आला. मागे टेम्पोचा खडखडाट आणि बायकांचं रडणं.

"अक्षता, आम्ही मंठा कव्हाच सोडलं. मातीला थांबा म्हणावं दादाला. बेबी आल्याशिवाय न्यायचं न्हाई."

"आत्या, ऐक ना. आजोबा जिवंत आहेत. प्रोग्राममध्ये चूक झाली. यादी शून्यापासून सुरू होते आणि मी..."

"हां, हां. तू पाणी पी."

"आत्या, खरंच. दोनच्या जागी एक दाबायला हवं होतं."

आत्यानं फोनवर हात ठेवला, तरी मला ऐकू आलं. "पोरीला धक्का बसलाय. आधी लिवलं, मंग सहन न्हाई झालं तर पुसलं, मंग वाढदिवसाचं लिवलं. आता आकडे मोजून राह्यली."

"पण काय नशीब म्हणा," टेम्पोतलं कोणीतरी म्हणालं. "भगवान बुद्धासारखी पौर्णिमा नसंना का, जन्म आन् जाणं एकाच तारखेला. समद्यायला मिळतं का?"

आत्या पुन्हा फोनवर आली. "बरं, जित्ता हाय ना? मंग कुठं हाय?"

"शहागडला."

"तुझं बोलणं झालं त्यायच्यासंगं?"

 बोलणं कुठे झालं होतं.

"रडू नको, येऊनच राह्यलो," असं म्हणून आत्यानं फोन ठेवला.

त्यानंतरचा रस्ता मला आठवत नाही. मी फोन लावत होते आणि तो वाजत होता, एवढंच. आधी मला वाटत होतं की सगळ्यांना कसं पटवू. आता दुसरंच वाटायला लागलं. मी पाठवलं आणि तिकडे तसंच झालं असेल तर? छातीत जळजळ. ऊन. नदीकाठचा चढ. मी तर फक्त आधी कळवलं. प्रोग्रामचं आऊटपुट खऱ्या जगाशी बरोबर जुळलं, म्हणून सर मला पूर्ण मार्क देतील, असाही एक विचार येऊन गेला. असले विचार मला बरोबर अशाच वेळी येतात.

घराच्या गल्लीत शिरले तर पांढरी पातळं आणि पांढरे सदरे. वाढदिवसाच्या मंडपात वाढदिवसाच्या लाल खुर्च्यांवर सगळे खाली मान घालून बसले होते. रंगीत फुगे कोणीतरी काढायला घेतले असणार, कारण अर्धे होते आणि अर्धे नव्हते. केकचा खोका आला होता. तो भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. आजोबांना घालायला आणलेला मोठा हार आजोबांच्या फोटोला घातला होता. फोटोपुढे मेणबत्ती होती. आणि फोटोच्या बाजूला त्यांचा चष्मा, घरीच विसरलेला. मी तो उचलून ओढणीनं पुसला.

आई बायकांच्या कड्यात बसली होती. ती मला पाहून नुसतं म्हणाली, "तुझा मेसेज वाचला आन् तुझे बाबा गाडी घेऊन शहागडला गेले. त्यायचा बी फोन लागंना." ती रडत नव्हती. ती माझ्याकडे अशी बघत होती, की मी काहीतरी सांगीन.

टेम्पोही तेवढ्यात पोचला. आत्या उतरताच माझ्या गळ्यात पडली आणि मंडपात रडण्याची लाट उठली. मी त्या लाटेत ओरडून सांगितलं, "आजोबा जिवंत आहेत. माझी चूक झाली. मी चुकीचा नंबर दाबला."

सगळे थांबले. मग शेजारच्या कांताबाई म्हणाल्या, "कोणी दोष देऊन राह्यलं का तुला, बाई? वय झाल्तं त्यायचं."

"वय झालं नव्हतं," मी म्हणाले. (हे ऐंशीच्या केकसमोर म्हणाले.)

आत्यानं डोळे पुसले आणि माझ्यासमोर नीट उभी राहिली. "ठीक हाय. जित्ता हाय म्हणती ना. मंग लाव फोन. समद्यायसमोर लाव. बोलू दे त्यायला."

मला लावायचा नव्हता. तोवर फोन लागत नव्हता म्हणजे काहीच ठरलेलं नव्हतं. सगळ्यांसमोर लावून तो उचलला गेला नसता, तर ते ठरणार होतं, आणि माझ्याच हातानं.

मी लावला. स्पीकर चालू केला. मोबाईल लाल खुर्चीवर ठेवला. घंटी वाजली.  घंटी वाजत राहिली. आईनं पदर तोंडाला लावला. आता ती बाई बोलणार, असं मला वाटलं, आणि मी डोळे मिटले.

खट् असा आवाज आला. मागे ट्रकचा हॉर्न.

"जय भीम," आजोबा म्हणाले. "बोल पोरी."

एक खुर्ची पडली. कांताबाईंच्या हातातला पेला पडला. मी अर्थातच दचकले.

"आजोबा," एवढंच मला जमलं, "फोन का नाही उचलला?"

"उचलला असता तर समद्यायला कळलं असतं ना, म्हातारा जित्ता हाय. माझ्या मोबाईलवर बी आला तो मेसेज, सर्जेरावनं वाचून दाखवला. म्हणला, भिवा, थांब जरा, कोण कोण येतंय ते तरी बघू. बेबी आली का?"

"आले ना, बाबा," आत्या म्हणाली. तिला रागवायचं होतं, ते तिला जमेना.

"बराबर. तुझा बाप बी आत्ता आलाय इथं, अक्षता. रडून राह्यलाय, चहा पाजून आणतो त्याला. खाली जेवणाचं लिवलंय, ते लई चांगलं केलं. आहेर नको लिवलंय, तरी मी मासे घेऊन निघालोय." मागे पुन्हा हॉर्न वाजला. "आन् तुझं ते सबमिशन झालं का गं, का आणखी कोणाला मारायचं राह्यलं?"